गुलाबभाऊंची अर्धी गोष्ट

कॅमेऱ्याकडे बघून गुलाबभाऊ आधी विचारायचे, "जेवले का जी?" आणि थांबायचे. घराघरांतून उत्तर येऊन पोचेल एवढा वेळ थांबायचे. आमची आई चुलीपासून खरोखरच ओरडायची, "भात उतरवून राहिली, भाऊ!" मग ते मान डोलवायचे. "बरं. जेवता जेवता आयका."

गोंदियात केबल नवीन होतं तेव्हाची ही गोष्ट. केबलवाल्या शेठच्या गच्चीवरच्या खोलीतून रोज संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम लागायचा. सौंदडचा हा माणूस अर्धं आयुष्य खडीगंमतीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, सोंगं करत गावोगाव हिंडला आणि उतारवयात टीव्हीवर आला. लुगडं नेसून सासू व्हायचे, तेच लुगडं डोक्याला गुंडाळून पाटील. पण लोक बसून राहायचे ते शेवटच्या गोष्टीसाठी.

आमच्याकडे कोणी गोष्ट सांगताना समोरच्यानं 'हूं' म्हणत राहायचं असतं. त्याला हुंकार म्हणतात. हुंकार थांबला की ऐकणारा झोपला, आणि गोष्टही तिथंच थांबते. थोड्याच दिवसांत गुलाबभाऊंच्या शेजारी बसून हुंकार द्यायचं काम माझ्याकडे आलं. कित्येक वर्षं टीव्हीवर 'हूं'शिवाय दुसरा शब्द मी बोललो नाही. बाजारात पोरं मला बघून 'हूं' करायची. गुलाबभाऊ म्हणायचे, "गोष्ट म्हंजे बैलबंडी, बाबू. बैल सगळ्यायले दिसते. चाकायमधला आस कोणाले दिसते?" कार्यक्रमाआधी आपल्या चहातला अर्धा बशीत ओतून माझ्याकडे सरकवायचे. "पी. तुझा गळा कोरडा, तं माझी गोष्ट कोरडी."

मला वाटायचं, हे सगळं माझी समजूत काढायला. मला त्यांची जागा हवी होती.

पुढे त्यांचे दात गेले. "शब्दातून हवा निघून राहिली," म्हणाले, आणि त्यांनी थांबायचं ठरवलं. शेठनं सगळ्यांसमोर विचारलं, "भाऊ, आपके बाद ये बैठेगा क्या?" गुलाबभाऊ हसले. "याले का येते? याले हुंकार येते!" खोलीभर हशा झाला. मीही हसलो आणि मनात एक गाठ मारली.

निरोपाच्या दिवशी कार्यक्रम थेट दाखवत होते. गळ्यात हार, खोलीत माणसांची दाटी. त्यांनी गोष्ट सुरू केली. एका म्हाताऱ्याला बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, बोलणारा मासा सापडतो. मासा म्हणतो, मले सोड. इथं ते थांबले, हुंकारासाठी. मी दिला नाही.

"काऊन बे, झोपला का?" लोक हसले. त्यांनी वाक्य पुन्हा म्हटलं. मी त्यांच्या डोळ्यांत बघत गप्प राहिलो. गप्प बसणं मला जन्मापासून येतं. त्या दिवशी मी त्याचं हत्यार केलं. मागून कुणीतरी 'हूं' म्हणालं, तर गुलाबभाऊंनी हात वर केला. "ज्याचा त्यानंच द्यावा, बाप्पा." मग कॅमेऱ्याला हात जोडले. "जेवून घ्या जी." आणि उठले.

लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचा कंठ दाटला. टाळ्या वाजल्या. खरं आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून कार्यक्रमाच्या वेळेला शेठ सिनेमाची गाणी लावू लागला. जागा मलाही मिळाली नाही.

ते खाट धरून आहेत असं कळलं तेव्हा, बऱ्याच वर्षांनी, मी सौंदडला गेलो. सूनबाईनं चहा ठेवला. मी म्हणालो, "भाऊ, त्या दिवशी मी मुद्दामच…"

"मालूम आहे. अर्धी गोष्ट पोटात घेऊन पडून राहिलो मी. आता शेवट तू सांग."

"मले कुठं मालूम आहे शेवट?"

"मले तरी कुठं मालूम होता बे? तवा तू हूं म्हणत जाय, तसा तसा शेवट निघत जाय. म्हणून तं म्हटलं सगळ्यायसमोर, याले हुंकार येते. दुसऱ्या कोणाले येते?"

मी खाली बघत सुरुवात केली. मासा म्हणाला, मले सोड. थांबलो. गुलाबभाऊ डोळे मिटून गप्प. पुढचं वाक्य बोललो. गप्पच. पुढं काय बोलावं सुचेना. तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला.

"कसं वाटते, बाबू?"

आणि बोळक्या तोंडानं इतके हसले की खाट करकरली. मग आपल्यातला अर्धा चहा बशीत ओतला आणि माझ्याकडे सरकवला.

"पी. अन् सांग."

मी प्यालो. म्हटलं, "म्हातारा माशाले म्हणाला, सोडतो, पण तू गेल्यावर माझ्याशी बोलंल कोण?"

"हूं," गुलाबभाऊ म्हणाले.