आप्पांच्या बंगईतली वीज

पीएच.डी.साठी मी कोरियाला निघाले त्या सकाळी आप्पा, म्हणजे माझे वडील, मला पोचवायला शहाद्याच्या स्टँडपर्यंतसुद्धा आले नाहीत. ओसरीतल्या बंगईवर बसून राहिले, पायानं हळूहळू झोका देत. आमच्याकडे घरातल्या झोपाळ्याला बंगई म्हणतात. आई मी शाळेत असतानाच गेली होती, त्यामुळे मागं ते एकटेच उरणार होते. मी पाया पडले तर एवढंच म्हणाले, "जाय. काम पुरं करीसन येजो." सुरतच्या बसमध्ये बसवायला शेजारची काकू आली. आप्पा दारापर्यंतही उठले नाहीत, याचा मला नवापूर येईपर्यंत राग होता.

माझं काम सांगायला सोपं आहे. प्लास्टिकच्या पातळ पट्टीत सिरॅमिकचे, डोळ्यांना न दिसणारे कण मिसळायचे. अशी पट्टी दाबली किंवा ताणली की किंचित वीज निघते. चालणं, जिना चढणं, दार ढकलणं, यातून वाया जाणारी शक्ती गोळा करायची, एवढाच खटाटोप.

पहिल्या सुट्टीत घरी आले तेव्हा अशी एक पट्टी बंगईच्या कड्यांत बसवली. आप्पा झोका घ्यायचे आणि निघालेल्या विजेचा ग्राफ नेटवरून मला इकडे लॅबमध्ये दिसायचा. संशोधनासाठी हवा आहे, असं गाईडना सांगितलं होतं. खरं तर आप्पा उठले, चहा झाला, बसले, एवढं कळायचं आणि बरं वाटायचं. फोनवर आम्हा दोघांना बोलायला फारसं सुचत नसे.

दुसऱ्या वर्षी ग्राफ खाली आला. झोके तेवढेच, वीज जेमतेम पाव. मी फोनवर विचारलं, आप्पा, पूर्वीसारखे नीट बसत नाही का? ते म्हणाले, "नही वं. रोज बसस ना मी. तुन्ही पट्टीच खराब व्हई गयी व्हई." मला पटलं. सारखा ताण सोसून पदार्थ थकतो, हे आमच्या विषयाचं नेहमीचंच रडगाणं. फोन जुना झाला म्हणून व्हिडिओ कॉल नको म्हणायचे, तेही पटलं. पदार्थ का थकला यावर मी थीसिसमध्ये एक अख्खं प्रकरण लिहिलं. गाईड खूश झाले.

मग एका दिवशी ग्राफ थांबला आणि काकूचा फोन आला. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

ओसरीत बंगईशेजारी खाट टाकलेली होती. बंगईच्या साखळीला एक दोरी बांधलेली, तिचं दुसरं टोक खाटेच्या उशाशी. काकू माझ्याकडे न बघता म्हणाली, "कमर मोडनी तवयपासून उठनातच नही. दोरी ओढीसन बंगई हालवेत. म्हनेत, बंद दिखनी ते पोर शिकनं सोडीसन यी जाई."

आठ महिने माझे आप्पा पडल्या पडल्या रिकामी बंगई ओढत होते, मला दिसावी म्हणून.

पट्टी काढून तपासली. तिला काहीही झालं नव्हतं. बंगईचा पाट सागवानी, जड, त्यामुळे रिकामा हालला तरी थोडी वीज निघायची. पाटाचं वजन मला ठाऊक होतं, आप्पांचंही. हिशेब शाळेतल्या पोरीला जमला असता. मी पट्टीवर संशय घेतला, बापावर नाही घेतला. याची मला लाज वाटते, आणि ती जात नाही.

तुम्ही पुण्या-सुरतेला असाल, दुबईला असाल, "सगळं बरं शे" ऐकून फोन ठेवत असाल, तर तुम्हाला मी काय शिकवणार? गावी राहिलेल्यांना मात्र सांगते, आमचं शिक्षण बुडेल म्हणून काही लपवू नका. बुडू द्या.

ते प्रकरण मी खोडलं. त्या जागी आता एकच वाक्य आहे: या काळात झोपाळ्यावर वजन नव्हतं. थीसिसच्या शेवटी एक तक्ता आहे, कोणती पट्टी कुठं बसवली त्याचा. बाकीच्या पट्ट्यांसमोर जिना, बूट, बसची सीट असं लिहिलंय. या पट्टीसमोर मी 'घर' लिहिलं होतं. त्या घराला आता कुलूप आहे. गाईडनी विचारलं, ही जागा अजून वापरात आहे का? मी नाही म्हणाले, आणि शब्द तसाच ठेवला.