आंब्याच्या अळ्यांचा डबा

अळ्या मारणं सोपं आहे, पाळणं महाकठीण. झाडावर ऊन-पाऊस सोसून मजेत पानं फस्त करणारी अळी घरात आणली, की एखादं पान जरा ओलं राहिलं तरी मरते. कितीही लाड करा, मरतेच. हे सगळं मी एका आंब्यापायी शिकलो आणि अजून त्याचा राग गेलेला नाही.

आमचं गाव कुरखेड्याजवळ. मी शाळेत विज्ञान शिकवतो, मोठा भाऊ धान पिकवतो. अंगणात आंबा आहे आणि त्याच्याखाली आईची खाट. तिला आम्ही भावंडं बाई म्हणतो. तिचा अख्खा दिवस तिथेच जातो. भाजी निवडणं, येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकणं, डुलकी, सगळं त्याच सावलीत. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्या आंब्याची पानं जाळ्यांनी एकमेकांना चिकटायला लागली. जाळं उलगडलं की आत करडी अळी. हात लावला की वळवळायची आणि धाग्याने खाली लोंबायची. बघता बघता झाड तपकिरी पडलं. खाटेवर, पाणी भरलेल्या पितळी गुंडावर अळ्यांच्या लेंड्या पडायला लागल्या. भावाने दोनदा फवारणी केली, अळ्यांना ढिम्म फरक पडला नाही. शेवटी त्याने ठरवलं, पोळा झाला की झाड तोडायचं आणि तिथे ट्रॅक्टरसाठी शेड टाकायचं. झाड कापणाऱ्या मशीनवाल्याला निरोपही गेला.

 आईने खाट होती तिथेच ठेवली.

मी कृषी महाविद्यालयातल्या एका सरांना फोटो पाठवले. ते म्हणाले, नुसत्या अळीवरून सांगता येणार नाही; कोषातून पतंग बाहेर आला की तो पाठवा, मग कीड कोणती आणि औषध कधी मारायचं ते सांगतो. मी भावाला म्हटलं, "दादा, पोळ्यापावेतो थांब. नाव अन् औषध दोन्ही आणतो."

"थांबतो," तो म्हणाला. "पण आमी किडे मारून राह्यलो अन् तू पोसून राह्यला, हे काही मले समजत नाई."

पहिल्या खेपेच्या अळ्या बरणीत सडल्या. मी झाकण घट्ट लावलं होतं, पानांना पाणी सुटलं आणि दोन दिवसांत नुसता वास. दुसऱ्या खेपेला पत्र्याचा डबा घेतला, झाकणाऐवजी वर मलमलचं फडकं बांधलं. त्या अळ्या मुंग्यांनी नेल्या. मग टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये ठेवले. शाळेतून आलो की आधी हातपाय धुवायचे सोडून मी पानं पुसत बसायचो. बायको म्हणायची, पोरांच्या अंगातले ओले कपडे तरी कधी बदलले का? तिसऱ्या खेपेला कोष झाले. मी हरखून गेलो. आणि एका सकाळी त्यांतून निघाल्या बारीक काळ्या माश्या. अळी लहान असतानाच त्या माशीने तिच्या अंगात अंडी घातलेली होती. एवढे दिवस मी पोसत होतो ते भलतंच बिऱ्हाड. डबा भिंतीवर आपटावासा वाटला.

चौथ्या खेपेला एकच कोष नीट झाला. रंग गडद होत चालला होता. पतंग आज-उद्या निघणार याची ती खूण. पोळ्याच्या रात्री मी निर्धास्त झोपलो.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच मारबत काढतात. दाराशी ठेवलेल्या पळसाच्या डहाळ्या घरभर, कोनाकोपऱ्यात फिरवायच्या, "माशा, ढेकूण, रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणत गावाच्या शिवेवर नेऊन टाकायच्या. मी उठलो तेव्हा आई परत येऊन खाटेवर बसली होती आणि टेबलावर डबा नव्हता.

मी धावत शिवेवर गेलो. डहाळ्यांचा ढीग पेटवलेला होता आणि त्यात डबा काळा पडला होता. मलमलचं फडकं तर केव्हाच जळून गेलं होतं.

घरी येऊन मी आईवर ओरडलो. जन्मात कधी ओरडलो नव्हतो तसा. ती घाबरली नाही, उलट तिलाच माझं नवल वाटलं.

"झाडाचा सारा रोग तुह्याच डब्यात होता न, बापा? झाड वाचावं म्हून तं नेलो. काऊन ओरडतं?"

भाऊ ओसरीत उभा राहून ऐकत होता. त्याने एकदा आंब्याकडे पाहिलं. मग त्याने फोन काढला आणि मशीनवाल्याला सांगितलं, "येऊ नको. बाईनं मारबत नेली झाडाची. आता तोडनं बरं नाई दिसत." मला म्हणाला, "पाहू आता."

झाड उभं आहे. मला आनंद व्हायला हवा, होतोही. पण महिनाभर मी पानं पुसली आणि झाड वाचवलं पळसाच्या डहाळीने, हे काही केल्या घशाखाली उतरत नाही. पुढे थंडीत नवी पालवी आली तशी भावाची खात्रीच पटली. पावसाळ्यात अळ्या परत आल्या, तर तो म्हणाला, "येऊ दे, मारबतीले नेईल न बाई." म्हणजे आईने डबा नेला तरच झाड राहणार. किडीचं नाव अजून कळलेलं नाही. मागच्या वर्षी आईच्या डब्याशिवाय आणखी एक डबा मी शाळेच्या कपाटात लपवला होता. त्यातून त्या काळ्या माश्याच निघाल्या.

या वर्षीही मारबतीच्या पहाटे आई डहाळी घेऊन माझ्या दाराशी उभी राहिली. डब्यात एक कोष होता, गडद झालेला. मी मुकाट्याने डबा तिच्या हातात दिला. तिने तो कानाशी नेऊन हलवला, आत काहीतरी आहे ना याची खात्री केली आणि निघाली.