वाईट नव्हतं

प्रतीक गेला, हे मला ऑफिसच्या लिफ्टमध्ये ग्रुपवर कळलं. शो करून परत येताना गाडीचा अॅक्सिडेंट... आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी डोक्यात आलं, 'झालं, आता हा लेजंड होणार.' तीन आठवडे हे वाक्य घेऊन फिरतेय, म्हणून लिहून टाकतेय.

आमचे डेस्क शेजारी-शेजारी. तो यवतमाळचा, बिबवेवाडीत तिघांबरोबर रूम घेऊन राहणारा. मी नारायण पेठेतली. स्टँडअपचं खूळ माझं होतं हो! पहिल्या ओपन माइकला एकटीला भीती वाटत होती म्हणून मीच त्याला ओढून नेलं. दोन आठवडे पाठ केलेली माझी पाच मिनिटं. हसले दोघं, त्यातला एक प्रतीक. मग होस्टने विचारलं, अजून कोणी? हा उठला. तयारी शून्य. मंडईत मावशींना वांग्याचा भाव दोनदा विचारल्यावर काय ऐकून घ्यावं लागलं, एवढंच सांगितलं... आणि लोक खुर्चीतून पडायचे बाकी होते. खाली आल्यावर म्हणाला, "कसं झालं बे?" मी एक भुवई वर करून म्हटलं, "वाईट नव्हतं."

आमच्या घरी कौतुक इथपर्यंतच जातं. माझ्या दहावीच्या निकालाला बाबा हेच म्हणाले होते. पण मी त्या दिवशी कौतुक करत नव्हते. मी जळले होते.

त्याने नेमकं तेच उचललं. नोकरी सोडली, टूरवर निघाला आणि प्रत्येक शोमध्ये एक पुणेरी मैत्रीण आली. तिला हिमालय दाखवा, ताजमहाल दाखवा, तो भुवई वर करायचा आणि अख्खं थिएटर ओरडायचं, "वाईट नव्हतं!" कोल्हापूर, नाशिक, इंदूर, सगळीकडे. शब्द माझे, सूर माझा, भुवईसुद्धा माझी! आणि मी स्टेजवर तेच म्हटलं तर एक मुलगी येऊन म्हणाली, "ताई, हे प्रतीकचं ढापलंत ना?"

पुण्यातल्या शेवटच्या शोनंतर म्हणाला, "अबे अनुजा, आज तरी चांगलं म्हण ना." हसू दाबून माझे गाल दुखत होते. तरी म्हटलं, "वाईट नव्हतं." तो पोट धरून हसला. मला वाटलं, याला काही कळलंच नाही.

परवाच्या रविवारी त्याची आई खोली आवरायला आली, मी मदतीला गेले. त्याच्या शर्टांच्या घड्या घालता घालता काकू म्हणाल्या, "म्या तं मोबाइलवरच पाह्यलं वो बाई. समोरून कसा बोले माहा पोरगा?" मी 'खूप भारी' म्हणायला तोंड उघडलं, देवाशपथ, आणि बाहेर पडलं, "वाईट नव्हतं, काकू."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकू बघतच राहिल्या... आणि फुटल्या. पदर तोंडाला लावून हसल्या, त्याचे रूममेट हसले, डोळे पुसत परत हसले. "तो सांगे मले," काकू म्हणाल्या, "अनुजा असं म्हनली का समजाचं, जमलं. जळते, म्हने, पन पह्यल्या रांगेत सगळ्यात आधी तेच येऊन बसते."

आयुष्यातला माझा पहिला खणखणीत हशा. तोही त्याच्याच जोकवर!

भिंतीवर त्याचा प्रॅक्टिसचा आरसा होता. कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवलेली, त्याच्या अक्षरात: 'अनुजाची भुवई - डावी.' मी आरशात करून बघितली. माझी उजवी जाते रे वर. समोरून बघून बघून शिकलास ना, उलटं झालं... इतक्या वर्षांत तुझं पहिल्यांदा काहीतरी चुकलेलं सापडलं, आणि आता सांगू कोणाला?