सुईसाठी तांब्याभर पाणी

आज आईला लातुरात दवाखान्यात नेलं होतं. बाकावर जो तो आपापली पाण्याची बाटली धरून बसलेला. मला उदगीरकडच्या आमच्या गावातले डॉक्टरकाका आठवले.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि आमच्याकडे दुष्काळ होता. इंजेक्शनची सुई उकळायला म्हणून काका प्रत्येक पेशंटला घरून तांब्याभर पाणी आणायला लावायचे. उरलेलं दारातल्या रांजणात ओतायचे. नंबर येईपर्यंत सगळे त्यातलंच प्यायचे. गावात मात्र जातीप्रमाणे पाणवठे वेगळे होते.

मी आईला विचारलं, "सुईला एवढं पाणी लागायचं?"

"वाटीभर लई झालं की. समद्यांला ठाव होतं."

मंडळी, सगळ्यांना ठाऊक होतं, तरी सगळे आणायचे, सगळे प्यायचे. मग दवाखान्यातून बाहेर पडल्यावर पुन्हा आपापला वेगळा पाणवठा धरायला यांना काय व्हायचं?