थ्रिलिन स्वप्नात येते

कोंग बियोलाच्या, म्हणजे बियोलाताईच्या, पानसुपारीच्या टपरीवर सकाळी स्वप्नांचा बाजार भरायचा. दुपारी मैदानात तिरंदाज बाण सोडत, किती रुतले त्यावर पैज लागे, आणि आकडा स्वप्नातूनच काढायचा ही अख्ख्या शिलाँगची श्रद्धा. म्हातारा ड्रोसिंग, सगळ्यांचा बाह म्हणजे दादा, मात्र रोज मान हलवून पुढे जायचा. बायको गेल्यापासून एकदाही त्याच्या स्वप्नात आली नव्हती.

"रुसलीय तुमच्यावर," बियोला म्हणायची.

त्यालाही तेच वाटे. थ्रिलिन गेली त्या सकाळी तिने चहा पुढे केला, आणि हा सवयीने म्हणाला, "नुसतं गरम पाणी." दुपारी ती बाजारातच कोसळली. जन्मभर त्याने तिच्या हाताला नावं ठेवली आणि दुसऱ्या कुणाच्या हातचं त्याला कधी गोड लागलं नाही. एवढं सांगून एकदा माफी मागायची, म्हणून गडी दिवेलागणीलाच अंथरुणात शिरायचा.

शेवटी एका पहाटे ती आली. चुलीपाशी बसून तिने सुपारी फोडली, पानाला चुना लावला आणि त्याच्या हातात दिलं. ड्रोसिंगने पान तोंडात टाकलं आणि म्हणाला, "चुना जास्त झालाय."

जाग आली तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ह्याची तर समोरचं माणूस मेलं तरी गेली नव्हती.

टपरीवर त्याने तोंड उघडायचा अवकाश, माणसं गोळा झाली.

"चूल पेटलेली की विझलेली?"

"पान कुठल्या हाताने दिलं?"

सगळ्यांनी मिळून आकडा काढला आणि तो साफ चुकला. संध्याकाळी मंडळी म्हाताऱ्याच्या दारात हजर.

"बाह, तुम्ही काहीतरी लपवलंत," टॅक्सीवाला किन्साई म्हणाला.

"लपवलं नाही रे, राहून गेलं. माफी मागायची होती तिची."

मग किन्साईने हळूच विचारलं, "माफीचा आकडा कुठला धरतात?"

बियोलाने त्याला कोपराने ढोसलं. "बाह, चुना जास्त म्हटल्यावर ती काय म्हणाली?"

ड्रोसिंगने आठवून पाहिलं. "काही नाही. हसली, आणि दुसरं पान लावायला घेतलं."

"म्हणजे पानं दोन!" किन्साई कळवळला. "आणि आम्हाला एकच सांगितलंत!"

"गप रे. अहो बाह, रुसलेली बाई दुसरं पान लावते का?"

म्हातारा उंबऱ्यावर बसला आणि सगळ्यांदेखत रडला. किन्साई बिचारा तिथेच बसून राहिला, आकड्याचं काही न विचारता.