पिरी नेनी बेल वाजवते

चौतीस वर्षं पिरी नेनीने बुडापेस्टच्या आठव्या विभागात टपाल वाटलं. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी फुलांचा गुच्छ दिला तेव्हा ती म्हणाली, "फुलं राहू द्या, त्यापेक्षा नवे गुडघे द्या." बाई तोंडाने फटकळ, पण चौथ्या मजल्यावरच्या म्हातारीचं पेन्शन तिने कधी खाली ठेवून पळ काढला नाही. नेनी म्हणजे मावशी, आणि या हिशेबाने अख्खा विभाग तिचा भाचा होता.

टपालवाल्याला नावं पाठ असतात. पेटीवरचं एखादं नाव एक दिवस जातं, तिथे दुसरी पट्टी लागते आणि जुन्या नावाचं पत्र 'पत्त्यावर राहत नाही' असा शिक्का खाऊन परत जातं. असे शिक्के पिरी नेनीने हजारोंनी मारले. राहत नाही तर मग राहतं कुठे, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. निवृत्तीनंतरच्या शरद ऋतूत ती शहराच्या कडेच्या जंगलात अळंबी शोधायला गेली. तिथे फळ्या-ताडपत्रीच्या खोपटाबाहेर उभ्या असलेल्या एका बाईने तिला हाक मारली, "पिरी नेनी, कॉफी घेऊन जा." ही बाई पूर्वी तिच्या टप्प्यातल्याच एका इमारतीत राहायची आणि थंडीत दारातच कॉफीचा कप हातात द्यायची. आता तिने ती लोणच्याच्या बरणीत दिली. पिरी नेनी कॉफी प्याली आणि अळंबी न शोधताच घरी आली.

तिसऱ्या दिवशी ती एका संस्थेच्या दारात उभी राहिली. पालिकेच्या बंद पडलेल्या खोल्या दुरुस्त करून बेघर कुटुंबांना मिळवून देणारी ही मंडळी. "मला रंगबिंग लावता येत नाही," ती म्हणाली, "पण दारं मला कळतात."

घर मिळालं की काम संपलं, अशी तिची समजूत होती. ती पहिल्याच वर्षी मोडली. एका कुटुंबाने दोन खोल्यांपैकी एक कुलूप लावून ठेवली आणि पाचही जण उरलेल्या खोलीत झोपत राहिले, कारण बेघरांच्या निवाऱ्यात एका कुटुंबाला एकच खोली असते. दुसऱ्या घरातल्या बापाने तिला फोन करून विचारलं, भिंतीत खिळा मारला तर चालेल का? "अरे बाबा, भिंत तुझी आहे," पिरी नेनी म्हणाली, "खिळा मार नाहीतर डोकं आपट." फोन ठेवला आणि मग मात्र तिला भरून आलं. माणूस काय काय सोसून येतो आणि वर विचारतो, खिळा मारू का, याचं तिला नवल वाटत राहिलं.

तिमेया बोग्दानचं कुटुंब आलं ते ऑक्टोबरात. नवरा झोल्त ट्रामच्या रुळांच्या कामावर, मुलगी एमेशे सात वर्षांची, धाकटा बेन्त्से चार वर्षांचा. आधी एक हिवाळा जंगलातल्या खोपटात गेला, मग दीड वर्ष निवाऱ्यात. आता दुसऱ्या मजल्यावर, आतल्या चौकाभोवतीच्या गॅलरीच्या टोकाला, एक खोली आणि स्वयंपाकघर. करार एक वर्षाचा. मधूनमधून पालिकेची बाई न सांगता येऊन पाहणार, कुटुंब खरंच तिथे राहतंय की नाही. राहत नसेल तर खोली पुढच्या नावाला जाणार. निवाऱ्यातली मुदत संपली होती, म्हणजे बोग्दान मंडळींना परत जायला पुन्हा जंगलच होतं, आणि जंगलातल्या मुलांना सरकार आईजवळ ठेवत नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिमेयाचा फोन आला. दारावर कागद चिकटवून गेले होते: भेटीच्या वेळी घरी कोणी आढळले नाही, पंधरा दिवसांत दुसरी भेट, तेव्हाही कोणी न आढळल्यास करार रद्द.

पिरी नेनी धापा टाकत जिना चढून आली. "कुठे गेली होतीस?"

"कुठे नाही. घरातच होते."

"मग?"

"बेल वाजली ना."

"अगं, बेल वाजली म्हणूनच विचारतेय."

तिमेयाने खाली पाहिलं. बेल वाजली तसा तिने रेडिओ बंद केला, गॅस बंद केला आणि मुलांना घेऊन कपाटामागे जाऊन बसली. बेन्त्सेला काही सांगावं लागलं नाही. त्याने आपणच दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. त्यांच्या आयुष्यात दार वाजवणारा माणूस आजवर एकाच कामासाठी आला होता, बाहेर काढायला.

पिरी नेनी स्टुलावर बसली. तिच्या डोळ्यांसमोर भलतीच दारं आली. बेल वाजवल्याबरोबर आतला रेडिओ गप्प व्हायचा, अशी किती दारं. प्रत्येक वेळी मनात एक शिवी हासडून तिने 'घरी कोणी नाही' लिहिलं होतं आणि पुढे गेली होती. त्या दारांमागे कोण कुठल्या कपाटामागे बसलं होतं, याचा तिने चौतीस वर्षांत विचार केला नव्हता. तिला मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने माळ्यावरून टपालाची जुनी पिशवी काढली. दहा वाजता बोग्दानांची बेल वाजवली. आतला रेडिओ बंद झाला. दारातल्या भिंगामागे कुणीतरी हललं. 'अगं, मी आहे' एवढं म्हटलं असतं तर दार उघडलं असतं, पण मग पालिकेची बाई तसं म्हणणार होती थोडीच. ती वीस मिनिटं उभी राहिली, फटीतून बागकामाच्या दुकानाची जाहिरात सरकवली आणि गेली.

तिसऱ्या दिवशी दार उघडलं, साखळी लावूनच. चौथ्या दिवशी साखळीही निघाली, पण तिमेयाच्या अंगात कोट होता आणि खांद्याला पिशवी.

"निघालीस कुठे?"

"कुठे नाही."

"मग कोट काढ. मला थंडी वाजायला लागली तुझ्याकडे बघून."

शनिवारी पिरी नेनीने एमेशेच्या नावाचं, स्वतःच लिहिलेलं पत्र आणलं. पाकिटावर पूर्ण नाव, रस्ता, इमारत, मजला, दार क्रमांक एकोणीस. रजिस्टर पत्र होतं, म्हणजे वहीत सही हवी. एमेशेने पत्ता दोनदा मोठ्याने वाचला आणि जीभ बाहेर काढून सही केली. मग बेन्त्सेला पत्र हवं झालं. त्याने सहीच्या जागी ट्राम काढली.

शेजारची एर्झी नेनी गॅलरीत उभी राहून म्हणाली, "पिरी, मेले, रोज तीच बेल? माझा कुत्रा खुळा होईल."

"तो तुझ्या सोबतीने आधीच झालाय," पिरी नेनी म्हणाली आणि पुन्हा बेल दाबली.

अकरा दिवस हे चाललं. बाराव्या दिवशी तिचा गुडघा इतका सुजला की बिछान्यातून उतरता येईना. फोन करावा असं मनात आलं, पण आपण येणार नाही हे कळवलं तर वाजेल ती बेल पालिकेचीच हे तिमेयाला कळणार आणि सगळी तालीमच फुकट. दिवसभर ती छताकडे बघत पडून राहिली. आज ती बाई आली असेल का, रेडिओ बंद झाला असेल का, बेन्त्सेने तोंड दाबलं असेल का. संध्याकाळपर्यंत तिने मनातल्या मनात त्या कुटुंबाला दहा वेळा जंगलात पोचवलं.

तेराव्या दिवशी काठी टेकत, पायरीला एक शिवी देत ती वर आली. दारावर कागद नव्हता. ते चांगलं की वाईट, कळेना. तिने बेल दाबली आणि कान दिला.

रेडिओ चालूच होता. कुणीतरी बाई ॲकॉर्डियनच्या साथीने गात होती, आणि ती गातच राहिली.

"कोण आहे?" आतून तिमेयाचा आवाज आला. "थांबा जरा. हात पिठात आहेत."

पिरी नेनी थांबली. आयुष्यात तिला हजार दारांनी थांबवलं होतं, कुणी आंघोळीपायी, कुणी भांडणापायी, आणि दर वेळी ती पुटपुटली होती. आज तिने काठीला दोन्ही हातांनी धरलं. कपाटामागे बसणारी ही पोर दाराशी आलेल्या माणसाला ताटकळत ठेवत होती, आणि तेही जरा त्रासिक आवाजात. एवढं मोठं काही आपण कधी पाहिलं नाही, असं तिला वाटलं. गॅलरीत उभं राहून तिने डोळे पुसले, आणि एर्झी नेनीच्या कुत्र्याने ते पाहिलं.

दार उघडलं. तिमेया कोपरापर्यंत पिठाने माखलेली, मागे टेबलावर पोगाचाचं, म्हणजे छोट्या खाऱ्या पावांचं, पीठ लाटलेलं.

"तुम्ही होय? काल कुठे होतात? काल ती पालिकेची बाई येऊन गेली."

"मग?" पिरी नेनीने विचारलं.

"मग काय. बेन्त्सेला न्हाऊ घालत होते. म्हटलं, थांबा."

"तिला थांबवलंस?"

"डोक्याला साबण होता त्याच्या. थांबली बिचारी. मग आत आली, बसली, सही घेतली, गेली. आता करार संपताना, पुढच्या वर्षीच येईन म्हणाली."

पिरी नेनीने पिशवीत हात घालून त्या दिवसाचं पत्र काढलं, सहीची वही काढली आणि उंबरठ्यावर पाय ठेवला.

"अहो, अहो, नेनी," तिमेया म्हणाली, "आधी पाय पुसा. फरशी आत्ताच पुसलीय मी."

पिरी नेनीने पाय मागे घेतला. एका हाताने चौकट धरून, सुजलेला गुडघा सांभाळत, तिने आधी उजवा बूट पुसला, मग डावा, मग पुन्हा उजवा.