दुसरी सही

लग्न झालेला माणूस एकटाच सुमतीबाय वकिलांच्या डिचोलीतल्या खोलीत शिरला, की त्या चष्म्यावरून बघत विचारीत, "अर्धोच मनीस कित्याक आयलो?" गोव्यात घरादारावर नवरा-बायको दोघांचाही हक्क, मग सल्ला एकट्याला कसला, असं त्यांचं म्हणणं. जोडी आल्याशिवाय त्या कागदाला हात लावत नसत.

आम्ही जोडीनेच गेलो होतो. गोव्याला घटकराज्य मिळून वर्ष झालं असेल. लग्नाला सात वर्षं होऊन मूल नव्हतं. दोष ह्यांच्यात होता. मुंबईच्या डॉक्टरांनी दात्याचं बीज घेऊन उपचार करू म्हटलं. धारगळच्या आमच्या सामाईक घरात थोरल्या दिरांना त्याची कुणकुण लागली आणि त्यांनी सुनावलं, "परक्या रगताक ह्या घरांत वांटो ना." म्हणून उपचारांआधी काय लिहून ठेवावं, ते विचारायचं होतं.

"आदीं लगीन दाखयात," वकीलबाय म्हणाल्या. मी ऐटीत पेडण्याच्या नोंदणी कचेरीतला कागद पुढे केला. त्यांनी तो उलटापालटा केला. "ही पयली सही. दुसरी खंय?"

पहिली सही लग्न ठरलं एवढंच सांगते. काही दिवसांनी पुन्हा जाऊन दुसरी केली, तरच इथल्या कायद्याने लग्न. आमचं मधल्या दिवसांत देवळात लग्न लागलं, जेवणावळी उठल्या आणि दुसरी सही दोन्ही घरं साफ विसरली. कायद्याने मी ह्यांची कोणीच नव्हते! मला रडूच कोसळलं.

"रडूं नाका गो. राग काड. रागान काम बेगीन जाता."

"डॉक्टराची तारीख लागीं आयल्या, बाय," हे चाचरत म्हणाले, "सही मागीर केली जाल्यार?"

"आदीं सही, मागीर सुई! भुरगें पोटांत आसतना तुका कितेंय जालें जाल्यार हिणें खंय वचप?"

तारीख पुढे ढकलली. जुन्या सहीची मुदत कधीच संपली होती, म्हणून कचेरीत नव्याने पहिली सही, मग दुसरी. नवरदेव म्हणून उभ्या ह्यांच्या टकलाकडे बघून तिथला कारकून खुदकन हसला. सोबत आलेल्या वकीलबायनी पेन खाली ठेवलं. "हांसून घे पुता. तुजें जालें म्हण सांग, मागीर आमी सही करतांव." त्याने वही पुढे सरकवली.

मग वकीलबायनी ह्यांच्याच अक्षरात आणखी एक कागद लिहून घेतला. डॉक्टरांचा छापील फॉर्म आहे की, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "तो डॉक्टराक राखता. तुजें भुरगें राखपाक तुमचो कागद लागता."

मुलगी झाली. ती सहा वर्षांची असताना हे गेले, आणि वाटणीच्या कोर्टात दिरांनी तिला परकी म्हटलं. वकीलबायनी वकिली केव्हाच सोडली होती, तरी गुडघे धरत कोर्टाचा जिना चढल्या. लग्नाचा दाखला ठेवला आणि ह्यांचा कागद खणखणीत वाचला: "उपचार माझ्या मर्जीने होत आहेत. होणारं मूल माझंच. कोणी नाही म्हटलं, तर तो मला खोटं पाडतो."

निकाल आमच्या बाजूने लागला. तो ऐकायला वकीलबाय उरल्या नव्हत्या; ते मला आजही सलतं. घरी आले, तर दीर दारात आडवे उभे.

"कागदान परकें रगत आपलें जायना," ते म्हणाले.

इतकी वर्षं त्यांच्यासमोर मी मान वर केली नव्हती. मुलीचा हात घट्ट धरला.

"जायना, भावोजी. तुमचें रगत तुमचेकडेंच दवरात. ह्या घरांत हिच्या बापायचो वांटो आसा. वाट सोडात."